आधी खांबावर आकडा रंगवा, अ‍ॅप नंतर काढा

प्रति,
नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण
आणि प्राधिकरणासाठी अ‍ॅप, कॅमेरे, डॅशबोर्ड तयार करणाऱ्या सर्व कंपन्या

सप्रेम नमस्कार.

मी पंचवटीत राहतो. सिंहस्थ आमच्या दारावरूनच जातो, त्यामुळे तयारीच्या बातम्या आम्ही जरा जास्तच बारकाईने वाचतो. या खेपेच्या बातम्यांत एआय आहे, ड्रोन आहेत, चॅटबॉट आहे, अ‍ॅप तर आहेच. यातलं काही करू नका असं सांगायला हे पत्र लिहीत नाही. मला नव्या यंत्रांचं वावडं नाही. घरात कुणाचाही फोन अडला की तो माझ्याच हातात येतो. सांगणं एवढंच आहे की जे काही कराल ते भर पावसात, नेट गेल्यावर, आणि खिशात साधा की-पॅडचा फोन असलेल्या माणसाच्या उपयोगी पडतं का, हे आधी बघा. पडत नसेल तर ते दुसऱ्या नंबरचं काम. पहिल्या नंबरचं काम रंगाचा डबा, कागद आणि भोंगा यांनी होतं. त्याची चर्चा मात्र फारशी कानावर येत नाही. त्याचं उद्घाटन करता येत नाही, म्हणूनही असेल.

तारखांपासून सुरुवात करतो. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिली पर्वणी (म्हणजे मुख्य स्नानाचा दिवस), ३१ ऑगस्टला दुसरी, ११ सप्टेंबरला नाशिकची तिसरी आणि १२ ला त्र्यंबकची. तिन्ही पर्वण्या पावसाळ्यात. पहिली सोमवारी, आषाढ अमावास्येला, म्हणजे सोमवती. त्यात त्याच दिवशी सूर्यग्रहण. इजिप्त-अरबस्तानात ते खग्रास दिसेल, आपल्याकडे पश्चिम भारतात दुपारनंतर खंडग्रास. ग्रहणाला गंगेवर (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) येणाऱ्यांची रीत गोदाकाठच्या कुणालाही विचारा: लागलं की एक स्नान, सुटलं की दुसरं. एरवी पर्वणीला पहाटे आलेला माणूस दुपार व्हायच्या आत परतीला लागतो आणि त्याची जागा दुसरा घेतो. २ ऑगस्टला पहाटे आलेला संध्याकाळपर्यंत हलणार नाही, आणि संध्याकाळी येणारा दुपारीच येऊन बसेल. गर्दीचं गणित मांडताना हा दिवस वेगळा धरलाय का, ते एकदा जाहीर सांगून टाका.

तारखेचा विषय निघालाच आहे तर पुराचंही बोलू. २ ऑगस्ट २०१६ ला गोदावरीला मोठा पूर आला होता. २०१९ मध्ये आला तो ४ ऑगस्टला. सराफ बाजारातल्या दुकानदाराला ऑगस्टचा पहिला आठवडा म्हटलं की आधी तळातला माल वर ठेवायची आठवण होते. पहिली पर्वणी नेमकी त्याच आठवड्यात आहे. (दुसरी पोळ्याच्या दिवशी आहे, तेव्हा शेतकरी बैलाला सोडून येणार नाही, थोडा दिलासा. तिसरी गणेशोत्सवात, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी मांडव असतील. हे दोन्ही तुमच्या संगणकाला कुणीतरी सांगायला हवं.)

सगळीकडे प्रयागराजचा दाखला दिला जातो. २०२५ ला तिथे कॅमेऱ्यांनी डोकी मोजली, आपणही मोजू. मोजा. पण तो मेळा पौष-माघातला, थंडी-धुक्यातला. तिथे छत्री नव्हती. कॅमेरा डोकं दिसलं तर डोकं मोजतो. नाशिकच्या पर्वणीत वरून बघणाऱ्या कॅमेऱ्याला दिसणार काळ्या छत्र्या, प्लॅस्टिकचे कागद आणि त्र्यंबकच्या अंगाला एखादं इरलंसुद्धा. एका छत्रीखाली आमच्याकडे दोन माणसं आणि एक पोर सहज मावतं. कॅमेऱ्याच्या काचेवर पावसाचे थेंब, वरून धो धो सर, त्यात ड्रोन उडवायचा कसा? ज्या कंपनीला हे काम द्याल तिला एकच गोष्ट विचारा: भर पावसातल्या, छत्र्यांच्या गर्दीवर तुमचं यंत्र चालवून दाखवलंय का? चकचकीत सादरीकरणात हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण सादरीकरण एसी हॉलमध्ये असतं.

याचं उत्तर आपल्याच गावात एकदा सापडलंही होतं. २०१५ च्या सिंहस्थाआधी, मूळचे नाशिकचे आणि एमआयटीत प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’, म्हणजे कुंभासाठी तांत्रिक युक्त्या शोधायचा मेळावा, भरला होता. त्यातून नाशिकच्याच एका शाळकरी मुलाने पायाखाली अंथरायची चटई केली. माणूस तिच्यावरून गेला की पायाचा दाब लागतो आणि मोजणी होते. डोक्यावर छत्री असो, अंधार असो, धुकं असो, पाय तर टाकावाच लागतो. त्या पर्वणीत ती वापरलीही गेली. तो मुलगा आता कुठे आहे, त्या चटईचं पुढे काय झालं, ती पुन्हा अंथरायला किती खर्च येईल, हे एक फोन करून विचारायला काय हरकत आहे? बाहेरून निविदा मागवण्याआधी आपल्या घरची फडताळं उघडून बघायची असतात.

आता नेटवर्क. हे थोडं सविस्तर लिहितो, कारण अर्ध्याहून अधिक योजना यावर उभ्या आहेत. फोनवर दांडे पूर्ण दिसतात आणि तरी काही उघडत नाही, हा अनुभव गणपती विसर्जनाला मेन रोडवर उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला आहे. दांडे सांगतात टॉवरचा आवाज किती मोठा येतोय. त्या टॉवरशी एका वेळी किती जण बोलताहेत, ते दांडे सांगत नाहीत. एका टॉवरच्या वाट्याला जी लहरींची जागा असते ती त्या भागातल्या सगळ्या फोनांत वाटली जाते. पर्वणीच्या सकाळी रामकुंडावर प्रत्येक जण व्हिडिओ काढून घरी पाठवत असतो, कुणी थेट प्रक्षेपण करत असतो. चाकांवरचे टॉवर आणून उभे केले तर फरक पडतो, ते जरूर आणा. पण भरवसा ठेवू नका. अशा वेळी ओटीपी येतो तो पाऊण तासाने, आणि दहा मिनिटांत संपलेला असतो. चहावाल्याच्या टपरीवर यूपीआयचं गोल चक्र फिरत राहतं, चहा पिऊन झालेला असतो आणि मागे चाळीस माणसं उभी असतात. यूपीआय लाइटला पिन लागत नाही, नेट मात्र लागतंच. म्हणून तात्पुरत्या बसगाड्यांत, स्वच्छतागृहावर, पाण्याच्या बाटलीला रोख चालेल आणि सुट्टे मिळतील, असा फलक सक्तीचा करा. ‘फक्त ऑनलाइन’ ही पाटी पर्वणीच्या तीन दिवसांत दिसताच कामा नये.

नेट असलं तरी बोट ओलं असतं, हे कुणाच्या लक्षात आलंय का ठाऊक नाही. आजकालच्या फोनच्या पडद्याला बोटाच्या स्पर्शातली सूक्ष्म वीज कळते. पडद्यावर पाणी पडलं की त्याला बोट कुठलं आणि थेंब कुठला ते उमगत नाही. रामकुंडातून बाहेर आलेल्या, अंगावर ओलं धोतर, हातात ओला टॉवेल आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत फोन असलेल्या माणसाकडून आपण अपेक्षा करतो की त्याने क्यूआर स्कॅन करावा, भाषा निवडावी, परवानग्यांना ‘अलाऊ’ म्हणावं आणि मग नकाशावर आपला वाहनतळ शोधावा. वर पाऊस आहेच.

गेल्या सिंहस्थातलं एक जोडपं माझ्या डोळ्यांसमोर आहे. गणेशवाडीच्या बाजूला, एका बंद दुकानाच्या ओट्यावर दोघं बसली होती. जालन्याकडची. बाबांच्या हातात एका कागदाचा लगदा झालेला होता. पुतण्याने वाहनतळाचं नाव त्यावर बॉलपेनने लिहून दिलं होतं, ते धुऊन गेलं होतं. पुतण्याचा फोन लागत नव्हता. आजींना एवढंच आठवत होतं की गाडी निळ्या कमानीपाशी उभी आहे. निळी कमान म्हणजे कुठली, मुंबईकडून आलात की धुळ्याकडून, म्हटल्यावर बाबा म्हणाले, “आमी जालन्याकडून आलो.” बरोबरच होतं त्यांचं. पण वाटेत गाड्या वळवल्या होत्या, त्यामुळे जालन्याकडून आलेला माणूस नेमका कुठल्या तळावर उतरला हे त्यालाच ठाऊक नव्हतं. उतरलेला एका घाटाला, बाहेर पडलेला दुसऱ्याच रस्त्याला, कारण वाट एकेरी. शेजारच्या मुलाने डोकं चालवलं. आजींना विचारलं, बसमधून उतरल्यावर चालताना काय काय दिसलं? मंदिर? पूल? दवाखाना? आजी म्हणाल्या, “द्राक्षाचं चित्र होतं, लई मोठं.” ती एका वाइनरीची जाहिरात होती. त्यावरून रस्ता ओळखता आला आणि दोघं तासाभरात आपल्या माणसांत पोचली. प्रशासनाच्या पाटीने जे झालं नाही ते जाहिरातीच्या चित्राने केलं.

म्हणून पहिली मागणी. वाहनतळांना नावं द्यायचीच असतील तर द्या, पण प्रत्येकाला एक मोठं चित्र आणि एक रंग द्या. विल्होळीचा एक, आडगावचा एक, माडसांगवीचा एक. चित्र असं हवं की श्रीकाकुळमहून आलेल्या म्हातारीला आणि भावनगरच्या पोराला ते सारखंच कळेल. २०२७ मध्येच गोदावरी पुष्करम् आहे, म्हणजे तेलुगू लोकांचं गोदास्नानाचं पर्व, तेव्हा तेलुगू भाविक त्या वर्षी जास्तच येणार. त्यांना मराठी पाटी वाचता येणार नाही आणि इंग्रजीही सगळ्यांना येणार नाही. चित्र निवडताना एक अडचण येईल, तीही सांगून ठेवतो. कमळ चालणार नाही, हात चालणार नाही, घड्याळ, मशाल, धनुष्यबाण, तुतारी, इंजिन काहीच नाही, हत्तीसुद्धा एका पक्षाचा आहे. एवढं सगळं वगळून जे उरतं ते नाशिकला पुरेसं आहे: द्राक्षाचा घड, कांदा, मोर, बैलगाडी, नारळ. तेच चित्र बसच्या तिकिटावर छापा, तेच बसच्या समोरच्या काचेवर लावा, आणि परतीच्या रस्त्यावर त्याच रंगाचा पट्टा डांबरावर ओढा, म्हणजे पायाखाली बघत माणूस गाडीपर्यंत जाईल. ‘कांद्याची बस कुठं लागते?’ असं कुणी विचारलं तर नाशिकचा कोणताही माणूस हात दाखवून सांगू शकेल.

दुसरी मागणी खांबांची. प्रयागराजला विजेच्या खांबांवर क्यूआर कोड लावले होते, म्हणजे स्कॅन केलं की जागा कळते. कल्पना चांगली. पण क्यूआर कोड माणसाला वाचता येत नाही, आकडा येतो. पंचवटी, तपोवन, गोदाघाट आणि तळापासून येणारे सगळे पायी रस्ते, इथल्या प्रत्येक खांबावर माणसाच्या डोक्याच्या वर, लांबून दिसेल असा ठळक आकडा रंगवा. देवनागरीतही आणि इंग्रजी अंकांतही. मग एखाद्याला चक्कर आली तर ११२ वर फोन करणारा ‘इथं पुलापाशी, एका झाडाखाली’ असं सांगणार नाही, ‘खांब चारशे बारा’ म्हणेल. वायरलेसवर हवालदारालाही तेच सांगता येईल. खाली कोपऱ्यात क्यूआर हवा तर लावा, पण वरचेवर तपासत राहा. कागदाचा क्यूआर कुणीही छापतो आणि खऱ्यावर चिकटवून जातो. देणगीच्या पेट्यांवर, तंबू-बुकिंगच्या नावाने हे होणारच आहे. भाविकांना लुबाडल्यावर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा हे सांगण्यापेक्षा, राहण्याच्या बुकिंगचा अधिकृत पत्ता एकच ठेवा आणि तो एसटीच्या प्रत्येक गाडीवर छापा.

आकड्यावर माणूस शोधायची पद्धत आपल्याला नवीन नाही. त्र्यंबकहून निवृत्तीनाथांची पालखी पंढरपूरला जाते, ज्ञानोबांच्या रथापुढे सत्तावीस दिंड्या चालतात. वारीत चुकलेल्या बाईला कुणी तिचा मोबाइल नंबर विचारत नाही. विचारतात, “माउली, दिंडी कितवी? रथापुढं का मागं?” एवढ्यावर ती आपल्या राहुटीत पोचते. लाखोंची गर्दी, शेकडो मैलांची वाट, आणि सगळी व्यवस्था एका आकड्यावर आणि एका शब्दावर. तुमच्या अ‍ॅपच्या पहिल्या पडद्यावर काय असावं याचा विचार करणाऱ्या मंडळींनी एखादा दिवस दिंडीत चालून यावं.

पाण्याचंही असंच आहे. पूर आला की टीव्हीवर सांगतात, गंगापूर धरणातून इतक्या हजार क्युसेकचा विसर्ग. क्युसेक म्हणजे काय हे नाशिकमध्येही फार थोड्यांना कळतं, भाविकाला तर नाहीच. आम्ही मात्र एकमेकांना विचारतो, “मारुतीच्या कुठपर्यंत?” रामकुंडापाशी नदीत उभ्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाला पाणी लागलं, कमरेला आलं, छातीला आलं, यावरून गावाला समजतं की आता कुणाचं सामान हलवायचं आणि कुठला रस्ता बंद. ही मोजपट्टी किती वर्षांची आहे आणि आजवर किती वेळा बंद पडली? एकदाही नाही. तिला चार्जिंग लागत नाही. हीच गोष्ट भाविकांना कळेल अशी करा: घाटाच्या दोन-तीन ठिकाणी मारुतीच्या उंचीचा रंगीत फलक उभा करा, गुडघ्यापर्यंत हिरवा, कमरेपर्यंत पिवळा, त्याच्या वर लाल, आणि लाल झाला की कुठल्या घाटाकडे किंवा कुठल्या वरच्या रस्त्याला वळायचं त्याचा बाण. मारुतीला मात्र रंग लावायला जाऊ नका, तो त्याचा शेंदरी बरा आहे.

भोंग्याबद्दल थोडक्यात. प्रयागच्या मेळ्यात ‘भूले भटके’ शिबिर १९४६ पासून चालतं, कागदावर नाव लिहून घ्यायचं आणि कर्ण्यावरून पुकारायचं. आजही तिथे रांग लागते. आपल्याकडे ध्वनिक्षेपक भरपूर लागतील, यात शंका नाही. त्यांवरून काय बोललं जाईल, याची शंका आहे. मान्यवरांचं आगमन, सत्काराचे बोल, मधूनच भजनाची कॅसेट, आणि त्यात ‘कृपया सावकाश चला’ कधी येऊन जातं कळत नाही. पर्वणीच्या दिवशी भोंग्यावर फक्त तीन गोष्टी: कुठली वाट बंद, कुठली उघडी, कोण सापडलं. दुसरं काही नको. तेच फ्लेक्सचं. स्वागताचे फ्लेक्स लागणार, ते कुणाच्या बापाला थांबवता येणार नाहीत, पण दिशादर्शक पाटीच्या शंभर पावलांत एकही चेहरा नको.

आता ज्याच्याबद्दल बोलायला कुणालाच आवडत नाही ते. २७ ऑगस्ट २००३ ला सरदार चौकात चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसं गेली. काळारामाकडून रामकुंडाकडे उतरणाऱ्या त्या चिंचोळ्या उताराने जो रोज जातो त्याला, तिथे गर्दी साचली तर काय होईल, हे सांगावं लागत नाही. तेव्हा एआयवाले कॅमेरे नव्हते. २९ जानेवारी २०२५ ला पहाटे प्रयागराजला संगमावर सरकारी आकड्याप्रमाणे ३० जण गेले; तिथे अडीच हजारांवर कॅमेरे होते, एआय होतं, मोठा नियंत्रण कक्ष होता. म्हणजे कॅमेऱ्याने माणसं वाचतात हे गृहीत धरता येत नाही. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसं दाटली की कुणाचेच पाय कुणाच्या ताब्यात राहत नाहीत, गर्दी पाण्यासारखी वाहायला लागते. त्या वेळी खिशातला फोन काढायला हात वर येत नाही. तेव्हा सूचना अ‍ॅपवर आली काय आणि न आली काय. सूचना आधी यायला हवी, आणि ती कानावर किंवा डोळ्यांसमोर यायला हवी.

त्यापेक्षा महत्त्वाचं, गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला वाट बंद करायचा अधिकार हवा. त्याने वर विचारायचं, वरच्याने आणखी वर विचारायचं, डॅशबोर्डवर पट्टी लाल होईपर्यंत थांबायचं, असं चालणार नाही. आणि त्याच्या सोबतीला त्या गल्लीतला एक रहिवासी द्या. बाहेरगावाहून बंदोबस्ताला आलेल्या पोलिसाला पंचवटीतला बोळ कुठे निघतो ते ठाऊक नसतं. आम्हाला ठाऊक असतं की कुठल्या वाड्याचं मागचं दार दुसऱ्या गल्लीत उघडतं आणि कुठली वाट पुढे भिंतीला लागते. शंभर-दोनशे अशी माणसं सहज मिळतील, मोबदलाही मागणार नाहीत. चहा-नाश्ता आणि पिवळं जाकीट द्या म्हणजे झालं.

तंत्रज्ञानात मला मनापासून आवडलेली एक गोष्टही सांगतो, नाहीतर वाटेल की हा माणूस फक्त नाकं मुरडतो. २०२३ मध्ये एके दिवशी सगळ्यांचे फोन एकाच वेळी किंचाळले होते, आठवतं? पडद्यावर सरकारी चाचणी संदेश, दचकून घरातली सगळी एकमेकांकडे बघत होती. तो सेल ब्रॉडकास्ट. एसएमएससारखा तो एकेका नंबरला जात नाही, टॉवर आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनांना एकदाच हाक मारतो. त्यामुळे गर्दीने नेट कोंडलं तरी तो पोचतो. अ‍ॅप डाऊनलोड करायला नको, नंबर द्यायला नको, लॉगिन नको. रामकुंडाच्या टॉवरला वेगळा संदेश आणि तपोवनाच्या टॉवरला वेगळा पाठवता येतो. कुंभाचं सगळ्यात उपयोगी ‘अ‍ॅप’ हेच आहे आणि ते आधीपासून बहुतेकांच्या खिशात आहे. एवढंच बघा की संदेश दोन ओळींचा असेल, मराठी-हिंदी-तेलुगू-गुजरातीत असेल, आणि त्यात माननीयांचं नाव नसेल.

चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांबद्दल एकच विचारायचं आहे. हरवलेलं मूल सापडावं म्हणून आमचे चेहरे साठवणार असाल तर साठवा, पण मेळा संपल्यावर ते किती दिवसांनी पुसणार आणि कुणाच्या सहीने पुसणार, हे लेखी द्या. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, तो काही फक्त दुकानदारांसाठी नाही. तपोवनातल्या झाडतोडीचा विषय मुद्दाम काढत नाही, त्याला वेगळं पत्र लागेल.

आमचं, रहिवाशांचं, एक. येण्याजाण्याचे पास फक्त ऑनलाइन ठेवू नका. दूधवाला, पेपरवाला, भांडीवाल्या मावशी, घाटावरचे गुरुजी, डायलिसिसला जाणारा पेशंट, या सगळ्यांना वॉर्डातल्या शाळेत बसून शिक्का मारलेला कागदी पास द्या. एका सरकारी सेवेच्या अ‍ॅपवर मी अलीकडेच आईचा फोटो सात वेळा चढवला, दर वेळी उत्तर एकच: ‘चेहरा अस्पष्ट’. आईचं वय त्र्याऐंशी आहे, तिचा चेहरा आता एवढाच स्पष्ट राहणार. पर्वणीच्या सकाळी बॅरिकेडपाशी ती आणि तो हवालदार दोघंही याच वाक्यापाशी अडकायला नकोत.

शेवटची विनंती सरावाची. पहिल्या पर्वणीआधी तुम्हाला दोन आयत्या रंगीत तालमी मिळतात. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला पावसात लोटणारी गर्दी, आणि पौष वद्य एकादशीला निवृत्तीनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला जमणाऱ्या दिंड्या. दोन्ही वेळा खांबाचे आकडे, चित्रांचे तळ, भोंग्याच्या तीन सूचना लावून बघा. आणि ज्यांनी ज्यांनी अ‍ॅपवर, कॅमेऱ्यांवर, डॅशबोर्डवर सही केली आहे त्या सर्वांनी, अधिकारी असोत की कंपन्यांचे प्रमुख, तेव्हा एक दिवस काढावा. ओळखपत्र नाही, गाडी नाही, फोन पिशवीत बंद. विल्होळीला बसमध्ये बसायचं, गंगेवर उतरायचं, हातपाय धुवायचे आणि अंगावरच्या ओल्या कपड्यांनी परत आपल्या गाडीपर्यंत जायचं. कुणालाही न विचारता पोचलात तर अ‍ॅप खुशाल काढा, मीही डाऊनलोड करीन. चुकलात तर पंचवटी कारंजावर कुणालाही विचारा, रस्ता सांगतील. किती जण येणार तेवढं आधी कळवा, म्हणजे कांदेपोह्यांचा अंदाज येईल.

आपला,
एक पंचवटीकर